बोरकुरणातल्या बासष्ट खुंट्या

बारामती,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, सन १९५६

वडीलधारे झुंबरराव तात्या, मुक्काम इंदापूर, यांना त्यांच्या बारामतीकर मेहुण्याचा, म्हणजे जोतीरामाचा, दोन्ही हात जोडून दंडवत.

आपल्या उजव्या गुडघ्याचं आता कसं आहे? निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला होता तो खरोखर शेकता, की शेकला म्हणून वैनींना नुसतं सांगता? वैनींचा दमा, थोरली म्हैस आणि विहिरीवरचं नवं इंजिन या तिघांची प्रकृती वेगवेगळी कळवावी ही विनंती. मागच्या पत्रात आपण ‘दिवसभर खोकतंय, मधेच बंद पडतंय’ एवढंच लिहिलं होतं. त्यातून कोण ते कळलं नाही, आणि आम्ही दोघांनी चार दिवस वैनींची काळजी केली. इकडे आम्ही खुशाल आहोत. आपली धाकटी बहीण सिंधू तर फारच खुशाल आहे.

घराचं कुठवर आलं, असं आपण विचारलंत. त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण ती ओळ वाचून आपण मला वेडा म्हणाल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. सिंधू नऊ वर्षं या तेलघाण्याच्या मागच्या एका खोलीत संसार करते आहे हे आपण पाहिलंच आहे. भिंतीपलीकडे दिवसभर घाण्याचा बैल फिरतो. (दुपारी बैल सोडला की तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि भाजीत मीठ दोनदा पडतं.) तेव्हा कालव्याच्या कचेरीतले आम्ही कारकून, शाळेतले मास्तर, एक कंपाउंडर अशा बासष्ट जणांनी मिळून घरं बांधायची मंडळी काढली, तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिला झाला. रोज दुपारी जमिनीवर रांगोळीनं ती आमच्या घराचा नकाशा काढायची. इथं ओसरी, इथं चूल, इथं न्हाणी, तुळस अशी की चुलीपुढून दिसली पाहिजे. मी कचेरीतून आलो की ओसरीवरून आत यावं लागे. चुकून भिंतीतून आलो तर परत बाहेर पाठवी. मला मंडळीचा सेक्रेटरी केलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून, पण सिंधूची समजूत अशी झाली की घर आता माझ्या हातात आहे.

जागा बघितली ती कन्हेरीच्या पुढं चार मैलांवर, बोरकुरण गावची. गावाच्या नावातच कुरण आहे. चाळीस एकर सपाट जमीन, मधोमध किंचित खोलगट, आणि वर कमरेइतकं गवत. सरकारी दप्तरात ‘राखीव कुरण’ अशी नोंद, आणि गावाचा रिवाज त्या नोंदीहून जुना. तिथं विळा न्यायचा नाही. खुंटी ठोकायची नाही. गुरं दिवाळीनंतर आत सोडायची, ती मोकळीच चरतात आणि दिवस कलला की आपली आपण घरी येतात. गावानं संमतीचा ठराव दिला तर नोंद बदलता येईल, असं आमच्या अध्यक्षांना, म्हणजे अप्पांना, कुणीतरी सांगितलं. अप्पांना आपण आमच्या लग्नात पाहिलंय. पेन्शनर हेडमास्तर, कुणाशीही बोलताना समोर साठ मुलं बसलीत अशा आवाजात बोलतात.

कार्तिकात एका सकाळी दहा वाजता बोरकुरणच्या चावडीत सभा झाली. सगळं गाव आलं. बाया, माणसं, पाळण्यातली पोरं सुद्धा. अप्पांनी तासभर भाषण केलं. देश नवा, पंचवार्षिक योजना नवी, माणसाला डोक्यावर छप्पर पाहिजे, गवत काय कुठंही उगवतं. कुणी कुजबुजलं नाही, कुणी खोकलं नाही. अशी शांत सभा मी पाहिलेली नाही. शेवटी अप्पांनी विचारलं, कुणाची हरकत आहे का? सरपंचांनी मागं वळून मुक्ताबाईंकडे पाहिलं. या मुक्ताबाई म्हणजे सत्तरीच्या एक विधवा, अंगानं काटकुळ्या, गावात त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

“हरकत न्हाय,” त्या म्हणाल्या.

अप्पा खूश झाले. “मग ठराव लिहायचा?”

“लिवू नगा.”

“म्हणजे हरकत आहे.”

“आमची कशाला आसंल? आमी कोण हरकत घ्येनार? तितं ऱ्हात्यात त्यास्नी इचारा.”

“अहो बाई, तिथं तर नुसतं गवत आहे.”

“व्हय,” मुक्ताबाई म्हणाल्या, “गवात हाय.” आणि सगळ्या गावानं एकदम मान हलवली.

अप्पांनी मला वहीत ‘हरकत नाही’ एवढंच लिहायला सांगितलं. मी लिहिलं. (तात्या, हे माझ्याच हातानं झालं, हे मी लपवत नाही.)

आठ दिवसांनी पुण्याहून मोजणीदार आणले, मोहनराव नावाचे. टोपी, साखळी, पितळी दुर्बीण, आणि शिस्त इतकी की बिडीसुद्धा घड्याळ बघून ओढणार. सकाळी सातला आम्ही कुरणात शिरलो आणि साडेअकराला प्रत्येक प्लॉटच्या मधोमध एक अशा बासष्ट बाभळीच्या खुंट्या ठोकून झाल्या. वर चुना, चुन्यावर काळ्या रंगानं नंबर. माझा नंबर सतरा. गाव लांबून बघत होतं. कुणी अडवलं नाही. एक गोष्ट मात्र मला सकाळपासून खटकत होती. वारा होता, गवत लाटांसारखं हलत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. मोहनरावांना सांगितलं तर म्हणाले, कानात तेल घाला. तेलघाण्यामागं राहणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे झालंच.

वेशीजवळच्या लिंबाखाली भाकरी खाऊन आम्ही बारा वाजता परत आलो, तर प्रत्येक खुंटीपाशी एक जनावर उभं होतं.

हे नीट समजून घ्या. गावची गुरं रोजच तिथं चरतात, त्यात नवल नाही. पण ही चरत नव्हती. गाई, बैल, म्हशी, सगळी आपापल्या खुंटीला खेटून उभी, तोंडं सगळ्यांची त्या मधल्या खोलगटाकडे. शेपट्या स्थिर. डोळ्यांभोवती माश्या घोंगावताहेत आणि एकही जनावर कान हलवत नाही. मोहनरावांनी मोजली. एकसष्ट गुरं आणि एक शेळी. शेळी एक्कावन्न नंबरवर, म्हणजे आमच्या कंपाउंडरच्या. (कंपाउंडरनं पुढं ही गोष्ट फार मनाला लावून घेतली.) मोहनराव म्हणाले, हा गावाचा चावटपणा आहे, आणि दावी सोडायला पुढं झाले. पहिल्या गाईच्या गळ्यात हात घातला आणि तसेच थांबले. दावं नव्हतं. दुसरीला नव्हतं. कुणालाच नव्हतं.

गुराखी दत्तोबा बांधावर बसला होता. साठीचा माणूस, सबंध जन्म या कुरणात गेलेला. मी त्याला विचारलं, ही तुम्ही आणून उभी केलीत?

“न्हाय वो. मी चराया सोडलीती. उबी ऱ्हायली.”

“का पण?”

“जागा धरली आसंल त्यांनी,” दत्तोबा म्हणाला. “तुमी धरली तशीच.”

मोहनरावांनी काठी घेऊन एका बैलाला चार पावलं हाकललं. बैल चालला, वळला, मोहनरावांकडे शांतपणे बघत परत त्याच जागी आला. तेव्हा त्यांनी हुकूम केला की सगळ्या खुंट्या उपटा, म्हणजे जनावरांचा घोटाळा मिटेल. आम्ही उपटल्या, गाडीत भरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बघतो तर खुंट्यांशिवायही गुरं तिथंच, ओळीनं. आमच्या नकाशातला तीस फुटी रस्ता मोकळा सोडलेला. दोन ओळींमधल्या बोळात एकही पाय पडलेला नाही. कोपऱ्यात शाळेसाठी जागा राखली होती, तिथं सगळी वासरं. नकाशा फक्त मोहनरावांच्या पिशवीत होता, तात्या, आणि पिशवीला कुलूप होतं. त्यांनी साखळी गुंडाळली, बिडी घड्याळ न बघता पेटवली आणि दुपारच्या गाडीनं दौंडमार्गे पुण्याला गेले. त्यांचा कागद मंडळीच्या दप्तरात आहे: ‘सदर जागा व्यापलेली असल्याने मोजणी करता येत नाही.’

मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि म्हणूनच जो शब्द आपल्या मनात आला असेल तो मी या पत्रात कुठंही लिहिणार नाही. मी सरळ मुक्ताबाईंच्या दारात गेलो. त्या वाल सोलत होत्या. मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “चार सालांमागं पाऊस गेला त्ये ठावं हाय का?” मी म्हटलं, कालव्याच्या कचेरीत आहे, ठावं नसून कसं चालेल. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या साली सगळं गाव तीन महिने रस्त्याच्या कामावर लांब गेलं. गुरांना न्यावं तर वाटेत मरतील, ठेवावं तर बघायला माणूस नाही. रडत रडत कुरणात सोडून गेले. कुरणात विहीर नाही, तळं नाही, गवतही वाळून कोळसा झालेलं. हाडं तरी गोळा करू म्हणून तीन महिन्यांनी परत आले.

“समदी जिती,” मुक्ताबाई म्हणाल्या. “आंगं धुतल्याली. कासंला दूद. कपाळाला हळद लावल्याली.”

“कुणी केलं हे?”

“आमी इचारलं न्हाय.” त्यांनी वालाची शेंग मोडली. “ज्यानं आपली गुरं संबाळली, त्याला तू कोन म्हून इचारत्यात व्हय? रिवाज आदीपासनंचा, पर तवापासनं तर आमी त्येंच्या वाटंला मुळीच जात न्हाय. तुमी खुंट्या ठोकल्यासा. आमी आडवलं न्हाय. आडवायचं काम आमचं न्हाय.”

त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. मला त्याचीच भीती वाटली. पण सिंधूची रांगोळी डोळ्यापुढं होती, म्हणून मी तसाच कुरणाकडं निघालो. म्हटलं, बाकीचे काय करायचं ते करोत, आपल्या सतरा नंबरवरचं जनावर आपण हलवू. तिथं एक म्हातारी पांढरी गाय होती. मी तिला नमस्कार केला (हसू नका), आणि म्हटलं, बाई, ही माझी जागा आहे, माझी बायको फार दिवस वाट बघतेय. गायीनं माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं बाजूला सरली. मी तिच्या जागी उभा राहिलो, आणि मग मला ऐकू यायला लागलं.

भांडी वाजत होती, तात्या. कुणीतरी पितळी घंगाळ घासत होतं. डाव्या हाताला जातं चाललं होतं, जरा लांब दोन बाया हलक्या आवाजात बोलत होत्या, शब्द कळत नव्हते. भाकरी थापल्याचा आवाज. कुणाचं तरी तान्हं रडलं आणि कुणीतरी त्याला घेतलं. भर दुपारचं ऊन, सगळीकडे गवत, माणूस एक दिसत नाही. एक पाऊल मागं घेतलं की सगळं बंद. पुढं टाकलं की सुरू. मी तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा उभा होतो तेव्हा अगदी कोपराशी एक बाईचा आवाज आला, जरा दमलेला, कामात असलेल्या बाईचा असतो तसा. “सरका वाईच,” म्हणाली, “सारवायचंय.”

मी सरकलो. गायही सरकली. घरात सारवणारी बाई सरका म्हणाली की सरकायचं, ही सवय नऊ वर्षांची आहे. शेणाचा ओला वास आला. मी चपला हातात घेतल्या आणि कडेकडेनं बाहेर आलो.

अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, जोतीराम, तुझं डोकं उन्हानं तापलंय. मंडळींच्या समोर मला शुद्धलेखनाच्या चुका काढतात तसं झापलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः कुरणात आले. त्यांचा नंबर एक. तिथला बैल त्यांना बघून बाजूला झाला. अप्पा छाती काढून उभे राहिले. मी बांधावरून बघत होतो. थोड्या वेळानं ते खाली वाकले, जोडे काढले, हातात घेतले आणि बारामतीच्या वाटेनं चालायला लागले. मी सायकल घेऊन मागं. कन्हेरी गेली, तरी जोडे हातातच. वाटेत एकदाच बोलले. “मला रागावले ते,” म्हणाले. “पायपुसणं दारात घातलंय, दिसत नाही का, म्हणाले.” साठ वर्षांच्या माणसाचे डोळे भरून आले होते. त्यांना आयुष्यात कुणी रागावलं नव्हतं.

त्या शनिवारी मंडळीची सभा झाली. कंपाउंडर सोडून कुणी वाद घातला नाही. बोरकुरणचा नाद सोडून कालव्यापलीकडच्या मुरमाड माळावर जागा मागायची, असा ठराव साडेचार वाजता मी वहीत लिहिला आणि सही घेतली. रविवारी सकाळी गावात सांगायला गेलो तर कुरणात गुरं चरत होती, शेपट्या हलवत, जशी गुरं असतात तशी. दत्तोबा म्हणाला, “काल साडेचाराच्या सुमाराला हालली.” त्याच्याकडे घड्याळ नाही. मुक्ताबाईंनी मला पाटीभर वाल दिले. बाकी गावानं जय म्हटलं नाही, गुलाल उधळला नाही. वाऱ्यानं गवताचा आवाज येत होता, तो उभा राहून ऐकला आणि घरी आलो.

सिंधूला सांगणं राहिलं होतं. ते सगळ्यांत अवघड. ती ओरडली नाही. तिनं रांगोळीचा डबा उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाली, “गुरांना जागा दिली. शेळीला दिली. मलाच न्हाय.” तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी कन्हेरीकडं जाणाऱ्या एका गाडीत बसून ती एकटी बोरकुरणला गेली, मुक्ताबाईंना जाब विचारायला. संध्याकाळी परत आली ती शांत होऊन. मला ताट वाढलं, वर तूप वाढलं. तेव्हापासून घरात तंटा नाही, काळजीचं कारण नाही. माळावरच्या जागेचं काम चालू आहे. तिथं गवताची काडी नाही, तेव्हा हरकत घ्यायला कुणी निघेल असं वाटत नाही.

वैनींना नमस्कार, म्हशीला वैरण, इंजिनाला तेल. आपल्या गुडघ्याला जपा. पत्राचं उत्तर पोस्टानं न पाठवता कुणा येणाऱ्या माणसाबरोबर लगेच पाठवलंत तर आपला ऋणी राहीन.

आपला,
जोतीराम

ता. क. – वर सगळं लिहिलं, पण ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहायचं धाडस आता होतंय. सिंधूला न्यायला मुराळी पाठवा. चार दिवस म्हणा, महिना म्हणा, माहेरपण म्हणा, पण या आठवड्यात पाठवा. त्या दिवशी ती मुक्ताबाईंच्या दारापर्यंत गेलीच नव्हती, असं मला परवा दत्तोबाकडून कळलं. ती सरळ कुरणात गेली आणि सतरा नंबरवर जाऊन उभी राहिली. मी तिथं सरकलो होतो, ती सरकली नाही. तिनं उलट विचारलं, “मी लावू का हात?” आता रोज दुपारी जाते. दत्तोबा सांगतो, गवतात एकटीच बसून बोलते, हसते, मधेच उठून चुलीपुढं बसावं तशी बसते. घरी येते ती हाताला शेण लागलेली आणि तोंडावर असा आनंद, की नऊ वर्षांत मी तो तिला देऊ शकलो नाही. म्हणून तिला नको म्हणवत नाही. काल मात्र घाण्याच्या खोलीत पाऊल टाकताना तिनं मला विचारलं, “हितं कोन ऱ्हातं?” तात्या, ती थट्टा करत नव्हती.

आणखी ता. क. – पत्र पाकिटात घालणार एवढ्यात सिंधूनं मागं उभं राहून सगळं वाचलं. रागावली नाही. म्हणते, मुराळी कशाला, उगीच माणसाला हेलपाटा. तात्यालाच वैनीसकट इकडं बोलवा, तितं आमच्या शेजारची ओसरी रिकामी हाय, मी बोलून ठेवलंय. आणि म्हणते, गुडघ्याचं काही नाही, पायऱ्या दोनच आहेत.